परसातील अनोळखी वनस्पती

महालात बागा आता बहुतेक नावांतच उरल्या आहेत. तुळशीबाग म्हटले की घरांची दाटी डोळ्यांपुढे येते, केळीबाग रस्ता म्हटले की दुकाने आणि वाहनांची गर्दी. परंतु ज्या थोड्या जुन्या वाड्यांच्या मागे अजून दहा-वीस हात उघडी जमीन आहे, तेथे मृगाचा पाऊस पडून आठ दिवस झाले की कुणीही न लावलेली एक बाग उगवते. तिला आपण सरसकट 'कचरा' म्हणतो, आणि पोळ्याच्या आधी माणूस लावून उपटून टाकतो.

आमच्या वाड्यामागे असे एक परस आहे. एक विहीर, एक कडुनिंब, एक पेरू आणि बाकी उगवेल ते. गेल्या जूनपासून यंदाच्या मेअखेरपर्यंत या परसात आपोआप उगवलेल्या वनस्पतींची मी नोंद ठेवली. चौतीस भरल्या. त्यांपैकी सव्वीसांची ओळख खात्रीने पटली आहे. मी संस्कृत विषय घेऊन बी. ए. करणारी विद्यार्थिनी, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या पाठ्यपुस्तकापुरताच. त्यामुळे येथे मी चौतीसांची जंत्री देत नाही. अनोळखी रोप समोर आले असता त्याची ओळख कशी पटवावी, आणि ती पटवणे काही वेळा का निकडीचे होते, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

प्रथम मी विचारत सुटले. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी उमरेडकडच्या. त्यांना केना, तरोटा, घोळ, चिवळ ही सगळी कोवळ्या पानांवरूनच ठाऊक. कारण त्यांची भाजी होते. ज्यांची भाजी होत नाही ती त्यांच्या लेखी नुसते गवत. शेजारच्या काकूंना गणपतीच्या पत्रीतली रोपे अचूक दाखवता येत: माका, आघाडा, धोत्रा, डोरली, विष्णुक्रांता. पत्रीत नसलेल्याशी त्यांना कर्तव्य नाही. तिसरी यादी वैद्यकाची, ती आमच्या घरच्या जुन्या पुस्तकांत सापडली. या तिन्ही याद्या एकत्र केल्या तरी परसातील बरीचशी रोपे उरतातच. याचे कारण पुढे लक्षात आले. त्यांतली कित्येक या देशातलीच नाहीत. एकदांडी, घाणेरी, गाजर गवत या तिघींचेही मूळ अमेरिका खंडात. गाजर गवताकडे आपल्याकडील वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम गेले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. ज्याच्याकडे आपले लक्ष जाऊन शंभर वर्षेही झाली नाहीत, त्याला अमरकोशात नाव कोठून असणार? लोकांनी मात्र त्यांनाही चटकन नावे दिली, आणि ती फार नेमकी दिली. एका लांब दांडीवर एकच फूल, म्हणून एकदांडी; गाजरासारखे पान, म्हणून गाजर गवत.

नाव कळले म्हणजे वनस्पती कळली, असे मात्र नाही. 'ब्राह्मी' म्हणून आपल्याकडे घरोघरी कुंडीत जी गोल पानांची वेल असते ती मंडूकपर्णी; ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून अनेक जाणकार जी मानतात ती पाणथळ जागी वाढणारी, बारीक जाड पानांची निराळीच वनस्पती. 'शंखपुष्पी' या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निदान तीन वनस्पती वापरतात, आणि त्यांतली एक तर आपली कुंपणावरची गोकर्ण आहे. 'खापरा' हे नाव पुनर्नवेलाही लावतात आणि तिच्यासारख्याच जमिनीसरपट वाढणाऱ्या दुसऱ्या एका मांसल रोपालाही. दोन्ही आमच्या विहिरीजवळ शेजारी शेजारी होती. पुनर्नवेची फुले बारीक, गुलाबी, लांब फाटेदार दांड्यांवर झुपक्याने येतात आणि तिची चिकट फळे कपड्याला लागतात. दुसरीचे फूल एकटे, पानाच्या बुडाशी जणू खिशात घातलेले. उन्हाळ्यात दोन्ही वाळल्या. पुढच्या पावसात जुन्या मुळातून पुन्हा फुटते ती पुनर्नवा, बीजातून नव्याने येते ती दुसरी.

फसव्या नावांत सर्वांत वाईट उदाहरण पिवळ्या धोत्र्याचे. तो धोत्र्याचा कुणीच नव्हे. तो अफूच्या कुलातला, काटेरी पानांचा, मोडल्यावर पिवळा चीक देणारा, आणि मूळचा मेक्सिकोकडचा. त्याचे बी मोहरीच्या बीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या तेलाची भेसळ झाली आणि साठांहून अधिक माणसे दगावली.

म्हणून मी पद्धत बदलली. नाव शेवटी विचारायचे, आधी रोप पाहायचे. वहीत प्रत्येक रोपाला फक्त क्रमांक दिला. हा साधा नियम फार उपयोगी पडला, कारण एकदा नाव ठाऊक झाले की डोळे पाहायचे थांबतात.

पाहायचे काय? आधी पाने खोडावर कशी बसली आहेत ते. समोरासमोर जोडीने की एकाआड एक? नुसत्या या प्रश्नाने निम्मे घोळ मिटतात. आमच्या भिंतीकडेला कातरलेल्या पानांची रोपे आली तेव्हा घरात दोन पक्ष पडले: काहींच्या मते मागील वर्षी सांडलेले कॉसमॉसचे बी, काहींच्या मते गाजर गवत. कॉसमॉसची पाने समोरासमोर येतात. ही रोपे आधी जमिनीसपाट चक्रासारखी पसरली आणि मग वर चढताना त्यांची पाने एकाआड एक निघाली. फुलाची वाट पाहावी लागली नाही. हातमोजे घालून ती त्याच दिवशी उपटली, कारण गाजर गवताच्या संसर्गाने पुष्कळांच्या कातडीवर पुरळ उठते.

दुसरी गोष्ट, आपण ज्याला पान म्हणतो ते पान आहे की पानाचा तुकडा? तरोट्याच्या एका देठावर पर्णिकांच्या साधारणतः तीन जोड्या असतात. ते सहा मिळून एक पान. ओळखण्याची खूण अशी की, खऱ्या पानाच्या बगलेत कळी किंवा कोंब असतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. शाळेत हे वाचले होते खरे, परंतु बोटाने चाचपून पाहिल्यावर ते माझे झाले. पुढे खोड गोल की चौकोनी, मोडल्यावर चीक येतो का, चुरगळल्यावर वास कसला. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि सुगंध ही तिन्ही एकत्र आली तर बहुधा तुळशीचे कुल समजावे. आणि मग फूल. त्यासाठी थांबण्याची तयारी हवी. एका रोपाने मला पाच महिने ताटकळत ठेवले. साधे भिंग असले तर एकदांडीचे 'फूल' पाहावे. ते एक फूल नसतेच. कडेची पाच-सहा फुले पाकळीसारखी दिसतात आणि मधल्या पिवळ्या भागात नळीसारखी लहान लहान फुले खच्चून भरलेली असतात. झेंडूचे, सूर्यफुलाचे, गाजर गवताचेही तसेच; सगळी एकाच कुलातली भावंडे.

आता ज्या नोंदीने मला सर्वांत अधिक शिकवले तिच्याकडे येते. क्रमांक एकोणीस, कडुनिंबावर चढलेली वेल.

वाड्यात राहणारे एक काका रोज सकाळी तिचा वीतभर तुकडा तोडून काढा करून घेत. २०२० च्या साथीत गुळवेलीची महती घरोघर पोचली तेव्हापासूनचा हा नेम. वेल कुणी लावली हे वाड्यात कुणालाच आठवत नव्हते. माझी वही पाहून त्यांनीच विचारले, "बाई, ही गुळवेलच ना गं?" रोज पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल हा प्रश्न होता; 'बहुतेक' म्हणून चालण्यासारखे नव्हते.

हृदयाच्या आकाराची पाने पुष्कळ वेलींना असतात. कारंद्याला असतात, परंतु त्याच्या पानांवर बुडापासून टोकाकडे कमानीसारख्या वळत जाणाऱ्या ठळक शिरा असतात आणि बगलेत बटाट्यासारखे लहान कंद लटकतात. येथे तसे काही नव्हते. येथे पानांच्या लांब देठाचा बुडखा सुजल्यासारखा होता. जुन्या खोडाची साल कागदासारखी पापुद्र्याने निघत होती व खाली हिरवे दिसत होते. वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबत होती. मग मी एक तुकडा आडवा कापला. आत मध्यापासून परिघाकडे जाणाऱ्या रेषा, हुबेहूब बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या.

ते चाक पाहताना मला एकदम निघंटूतला शब्द आठवला. गुडूचीच्या पर्यायनामांत 'चक्रलक्षणिका' असे एक नाव आहे. वर्गात आम्ही अशी नावे पाठ करतो आणि ती कवींनी हौसेने दिली असावीत असे समजतो. परंतु चक्रलक्षणिका म्हणजे जिची खूण चाक आहे ती. 'छिन्नरुहा' म्हणजे तोडली तरी वाढणारी. मी कापलेला तुकडा विहिरीच्या कठड्यावर राहिला होता, त्याला काही दिवसांनी कोंब आला. 'कुंडली' म्हणजे वेटोळी घालणारी. अशी दोन-चार नावे जुळवली की वनस्पती ओळखण्याची एक किल्लीच तयार होते. आधुनिक शास्त्रातले तिचे नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. त्यातल्या कॉर्डिफोलियाचा अर्थ हृदयासारख्या पानांची. म्हणजे लॅटिन नावाने पान पाहिले आणि संस्कृत नावाने खोड कापून पाहिले. माझ्या मते दुसरे अधिक खोल पाहणे आहे, पण हा पक्षपात संस्कृतच्या विद्यार्थिनीचा समजावा.

या दोन परंपरांची गाठ फार पूर्वी पडली होती. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांनी १६७५ साली दिलेले कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. आपली देवनागरी छापील पुस्तकात इतक्या लवकर उतरली ती झाडांच्या निमित्ताने!

असो. वेल गुळवेल आहे, पण गुळवेलीच्या प्रजातीतल्या बहिणींचे काय? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यावर आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे पडले की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती हे लेखकांनी नीट पडताळलेले नाही. ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला सारखी दुसरी जाती असू शकेल. त्या जातीच्या खोडावर गाठीगाठी असतात व तोडल्यावर दुधी स्राव येतो. तिसऱ्या एका जातीच्या पानांची खालची बाजू लवदार असते. आमच्या वेलीला गाठी नव्हत्या, दूध नव्हते, लव नव्हती. एप्रिलमध्ये पाने गळालेल्या फांद्यांवर पिवळसर बारीक फुलांचे घोस आले, त्यांत सहा पाकळ्या भिंगाखाली मोजता आल्या. फळ धरले नाही; नर आणि मादी फुले निरनिराळ्या वेलींवर येतात, आणि आमची नर आहे. ओळख पक्की झाली.

काकांना मी तसे सांगितले. सोबत हेही सांगणे भाग होते की २०२२ साली देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला असून त्यातही गुळवेलीचा संबंध यकृताच्या विकाराशी दिसला. वनस्पती बरोबर ओळखली म्हणजे ती सोसेलच असे नव्हे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर माझ्या वहीत नाही. काकांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि गुळवेलीनेही साखर उतरू शकते. थोडी कुरकुर करून ते आपल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काढा थांबवून रक्ततपासणी करवली. तपासणी ठीक निघाली, तरी काढा बंदच आहे. काका मात्र अजून मला "ती गुळवेलच होती ना?" असे विजयी मुद्रेने विचारतात.

पुस्तकांविषयी थोडे. थिओडोर कुक याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१ ते १९०८) प्रसिद्ध आहे, पण नागपूर त्या वेळी मध्यप्रांतात असल्याने तो आपल्या भागापुरता अपुरा पडतो. नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर उगेमुगे यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड १९९६ ते २००१ या काळात काढले. हे सर्व इंग्रजीत आहेत आणि परिभाषेची भिंत उंच आहे. पण त्यांतल्या जोडप्रश्नांच्या तक्त्याची सवय झाली की मजा येते. 'पाने समोरासमोर असल्यास येथे जा, नसल्यास तेथे', अशी ती वाट. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १७७८ मध्ये रूढ केली. मोबाईलवर छायाचित्र काढून नाव सांगणारी साधनेही आता आहेत. मी वापरली, संशयितांची यादी मिळवायला ती चांगली. परंतु छायाचित्राला वास येत नाही, आणि खोड कापल्याशिवाय चाक दिसत नाही.

नमुना ठेवायचा तर फुलासह फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर जड पुस्तके ठेवावीत आणि कागद रोज बदलावा. पावसाळ्यात यात कसूर झाली की बुरशी येते. सोबत तारीख, जागा, उंची आणि फुलाचा ताजा रंग लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर रंग उडतो.

माझे आठ क्रमांक अजून बिनानावाचे आहेत. त्यांतले पाच गवताच्या कुलातले असावेत. गवतांपुढे मी हात टेकले आहेत. दोन रोपे फुलण्याआधीच शेळीने खाल्ली. उरलेले एक, क्रमांक एकतीस, विहिरीच्या दगडांच्या फटीत आहे. पाने एकाआड एक, खोड तांबूस, चीक नाही, वास नाही. वर्षभरात त्याने फूल दाखवले नाही. त्याचा वाळवलेला नमुना घेऊन मी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जाणार आहे. आपल्यापैकी कुणाच्या परसात असे रोप फुललेले असल्यास त्याची एक फांदी अवश्य आणून दाखवावी.