नाणी घासू नका



या अंकाचा पाठ माझ्या स्वतःच्या एका चुकीवरून लिहीत आहे. मागच्या वर्षी आपल्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. सूचनाफलकावर मीच लिहिले होते, "वस्तू स्वच्छ व चकचकीत करून आणाव्यात." सातवीतील एका विद्यार्थ्याने घरच्या देव्हाऱ्यातील तांब्याची शिवराई आणली. ती नव्या पैशासारखी लखलखत होती. मी त्याची पाठ थोपटली, बक्षीसही दिले. नंतर सहज विचारले, "काय केलेस रे?" तो म्हणाला, "सर, आठ दिवस चिंच आणि विटेची पूड लावून घासली." मग मी नाणे भिंगाखाली धरले, तेव्हा कळले की बक्षीस कशाला दिले.

शिवराईच्या एका बाजूला "श्री राजा शिव" व दुसऱ्या बाजूला "छत्रपति" अशी अक्षरे असतात. परंतु सगळ्या शिवराया सारख्या नसतात. काहींवर "शिव", काहींवर "सिव", तर काहींवर "सीव" असे लिहिलेले सापडते. ठसा कोरणारे कारागीर निरनिराळे, टांकसाळी निरनिराळ्या, शिवाय महाराजांच्या नंतरही ही नाणी दीर्घकाळ पाडली जात होती. म्हणून अभ्यासक अक्षराचे वळण, वेलांटी, ठिपके पाहून कोणते नाणे कोणत्या ठशाचे हे ठरवतात. महेश्वरी व विगिन्स यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर व नाण्यांवर १९८९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यासारखे काम अशा बारकाव्यांवरच उभे राहते. आपल्या त्या शिवराईवर आता तिसऱ्या ओळीत "शि" आहे की "सि" हे सांगता येत नाही. मुलाच्या आजी म्हणाल्या की पूर्वी बोट फिरवले की अक्षर लागायचे.

मुले विचारतील, मळ काढला तर अक्षर कसे गेले? याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला आहे. तांब्यावरचा तपकिरी किंवा हिरवा थर हा बाहेरून चिकटलेला मळ नव्हे. नाण्याचेच तांबे हवा व ओलाव्याशी संयोग पावून तो थर बनतो. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे, तीसुद्धा चांदीच खर्ची घालून. चिंचेतील किंवा लिंबातील आम्ल हा थर विरघळवते, म्हणजे नाण्याचा तेवढा भाग वाहून जातो. वर मीठ घातले तर आणखी वाईट, कारण त्याचे क्षार तांब्यात राहून पुढे पोखरत बसतात. जमिनीत पुष्कळ वर्षे राहिलेल्या नाण्याची तर मूळ अक्षरे कित्येकदा त्या थरातच टिकून असतात. थर गेला की अक्षरही गेले.

हे केवढे मोठे नुकसान होऊ शकते ते पाहा. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाचा चेहरा, त्यावर सातवाहनांचा डोंगर आणि ब्राह्मी अक्षरे! नहपानाचा पाडाव कोणी केला याचा हा ठसठशीत पुरावा. तो वाचता आला, कारण नव्या ठशाखाली जुन्या चेहऱ्याच्या व अक्षरांच्या पुसट रेघा शिल्लक होत्या. एखाद्या हौशी माणसाने ती नाणी राखेने घासली असती तर?

आता आजीबाईंचा प्रश्न. लक्ष्मीपूजनाला नाणी दूध-पाण्याने धुतात, दसऱ्याला देव्हाऱ्यातील तांब्या-पितळेबरोबर तीही घासतात. हे चूक का? मला तसे म्हणवत नाही. देव्हाऱ्यातील नाणे हे पूजेतले नाणे आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांची झीज हाही त्याचा इतिहासच. पुतळ्यांच्या माळेसाठी कडी लावलेले सोन्याचे नाणे मोडके समजू नये, तसेच हे. फक्त एक विनंती, घासण्याऐवजी गंध-फूल वाहून ओल्या हाताने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. देवाची काही तक्रार राहणार नाही.

विकणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. नाणे घासून झळाळी आणायची आणि "मुळातच असे जपलेले" म्हणून विकायचे, किंवा घासलेल्या नाण्यावर रसायनाने खोटा काळपटपणा चढवायचा, ही सरळ फसवणूक आहे. काही केले असेल तर घेणाऱ्याला सांगितलेच पाहिजे. आपल्या बाजारपेठेच्या गावात वाढणाऱ्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागू नये, पण पाहण्यात येते म्हणून लिहिले.

कायदाही ठाऊक असावा. शेतात, पाया खणताना नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची होत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कर्नाटकात यासाठी १९६२ चा कायदा आहे. तशी नाणी मातीसकट ठेवावीत. कोणत्या भांड्यात होती, किती खोल होती, हेही लिहून ठेवावे. शंभर वर्षांहून जुने नाणे परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही, हे १९७२ च्या कायद्यात आहे. अमेरिकेतील भाच्याला भेट म्हणून पाठवू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मग जपायचे कसे? नाणे कडेने धरावे. साध्या कागदी पाकिटात ठेवावे. मऊ, वास येणारे स्वस्त प्लॅस्टिक टाळावे, त्यातून निघणाऱ्या आम्लाने तांब्यावर हिरवा चिकटा येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणारी पुडी टाकावी. टूथपेस्ट, व्हिनेगर, भांड्याची पावडर, काही नको. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे. ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवून जाणकाराला दाखवावे. अशा कामासाठी लखनौला केंद्र सरकारची संशोधनशाळा आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाल्याने तिचे लांबलचक नाव मला हिंदीतच आठवते, "राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला". तिथले लोकही नाणी स्वच्छ करतात, मात्र आधी छायाचित्र काढून, काय केले त्याची नोंद ठेवून, आणि गरजेपुरतेच.

यंदाच्या प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी नाणी जशी आहेत तशी आणावीत. सोबत एका चिठ्ठीवर नाणे घरात कोणाकडून आले आणि त्याला कधी काय लावले, एवढे लिहावे. ती शिवराई त्या मुलाच्या व त्याच्या आजींच्या संमतीने पहिल्या टेबलावर ठेवणार आहोत. तिच्याजवळच्या चिठ्ठीवर "मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून घासली" असे मी माझ्या हाताने लिहिणार आहे.