हाकेचं नाव

आमच्या मुलीचं नाव गोदावरी. सासरचं घराणं नाशिकचं आणि हे यजमानांच्या आजीचं नाव, त्यामुळे दुसरं काही सुचवायची सोय नव्हती. बारसं चेन्नईत, तिरुवल्लिक्केणीतल्या आमच्या दोन खोल्यांत झालं. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, आत्यानं कानात 'कुर्र' केलं. दुसऱ्या दिवशी दुपट्यातल्या त्या एवढ्याशा जिवाला "गोदावरी" म्हणून हाक मारली आणि माझं मलाच हसू फुटलं. आता ती अकरा वर्षांची आहे. हाकेचं नाव शोधताना जे शिकले, ते असं.

१. थोरांचं नाव ठेवलं की दुसरं नाव लागतंच.
सासूबाईंनी स्वतःच्या सासूचं नाव आयुष्यात उच्चारलं नव्हतं. नातीला त्या "बाय" म्हणू लागल्या. वरच्या मजल्यावरच्या अय्यंगार मामींना याचं जराही नवल वाटलं नाही. त्यांच्याकडेही पहिल्या नातीला आजीचं नाव देतात. मग सुनेनं सासूच्या नावानं पोरीवर ओरडायचं कसं? म्हणून घरात एखादी अम्मिणी नाहीतर पाप्पा असते. लाड नंतरचे, आधी ही अडचणीतून काढलेली वाट.

२. ई आणि ऊ यांत फरक असतो.
गोदी, यमी, कमळी म्हटलं की पाठोपाठ धपाटा येणार असं वाटतं. गोदू, यमू म्हटलं की मांडीवर घ्यावंसं वाटतं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, आणि हाकेला यमूच. तमिळ घरांतही हाच ऊ आहे, फक्त ऱ्हस्व: रुक्मिणीची रुक्कु, सरस्वतीची सरसु, कामाक्षीची कामु. त्यातून 'गोदी'वर माझ्या मुंबईच्या भावानं पहिल्याच फोनला फुली मारली: "ताई, गोदीत जहाजं लागतात!" ठरलं, गोदू.

३. नाव शेजाऱ्यांच्या जिभेवरही बसलं पाहिजे.
तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर. त, थ, द, ध यांनाही एकच. साहजिकच खालच्या फुलवालीच्या तोंडी गोदूची 'कोदु' झाली. मी महिनाभर दुरुस्त करत होते. मग लक्षात आलं, की गजरा देताना ती ज्या मायेनं 'कोदु' म्हणते, तेवढ्या मायेनं मी शुद्ध उच्चार करत नाही. स्पेलिंगचं मात्र आधीच ठरवून ठेवा. इथे त आणि द लिहिताना टी आणि डीपुढे एच लावतात. आपली 'एल-ए-टी-ए' लता इथे सहज 'लटा' होते.

४. ज्या गावात राहता, त्या गावालाही नाव ठेवू द्या.
मामींना आम्ही 'गोदा' हे अर्धं नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बारा आळ्वारांत, म्हणजे तमिळ वैष्णव संतकवींत, स्त्री एकच, श्रीविल्लिपुत्तूरची आंडाळ. तिचं नाव कोदै, संस्कृतात गोदा. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तिच्या तिरुप्पावैतली तीस पदं पहाटे म्हणतात. आमच्या घराजवळच्या पार्थसारथी मंदिरातही आंडाळची सन्निधी आहे. नाशिकच्या नदीचं नाव आम्ही एवढ्या लांब आणलं, तर ते इथे आधीच येऊन बसलं होतं. मामी तिला तेव्हापासून 'कोदै' म्हणतात.

५. चिडवणाऱ्या पोरांचा विचार आधी करा.
तो आम्ही केला नाही. दुसरीत असताना हिंदी बोलणाऱ्या दोन मुलांनी 'गोदा'चं 'घोडा' केलं. मी शाळेत जायला निघाले होते. तिनं त्याआधीच वर्गात असं काही खिंकाळून दाखवलं, की सगळा वर्ग तिच्या बाजूला गेला. पण प्रत्येक मूल असं खिंकाळत नाही. नाव पक्कं करण्याआधी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला विचारा. त्याला सगळी वाईट यमकं ठाऊक असतात.

६. लाड कागदावर नकोत.
एका बालवाडीच्या अर्जावर मी सवयीनं 'गोदू' लिहिलं आणि तेच पुढच्या दाखल्यापर्यंत गेलं. निस्तरायला अडीच महिने लागले. इथे आधीच एक गुंता असतो: तमिळनाडूत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, त्यामुळे आपलं तीन पदरी नाव पाहून कारकून गोंधळतो. त्यात चौथ्याची भर नको. जन्मनोंदणीत नाव घालायची घाईही नको. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं.

७. शेवटी मुलीला विचारा.
नऊ वर्षांची झाली तेव्हा तिनं एका संध्याकाळी आम्हाला नियम ऐकवले. शाळेत गोदावरी. मैत्रिणींसमोर गोदू म्हणायचं नाही, घरात चालेल. कोदै फक्त मामींनी म्हणायचं.
"आणि बाय?" मी विचारलं.
"ते आजीचं होतं. ते आता कुणीच म्हणायचं नाही."
सासूबाईंना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

तेव्हा एकच टोपणनाव शोधत बसू नका. जितकी माणसं जीव लावतील, तितकी होऊ द्या. कागदावर मात्र एकच ठेवा, आणि तेही पूर्ण.