गणेशपुरीचं गरम पाणी आणि तानसाचं जंगल

भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीला गेलात की कुंडातून वाफा निघताना दिसतात. पायाखाली काळा दगड, समोर डोंगर. मग कुणीतरी हमखास सांगतं, "डोंगरात ज्वालामुखी आहे, म्हणून पाणी तापतं." हे खरं आहे का? चला, बघूया.

तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या, त्यातून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. म्हणजे दगड ज्वालामुखीचाच आहे, पण ती आग केव्हाच विझली!

मग पाणी कशानं तापतं? पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खोल झिरपतं. जमिनीत साधारण दर किलोमीटरला तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढतं. खोलवर तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, तोच आपला झरा. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून खाली रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवरे, आरवली, राजापूरपर्यंत असे झरे आहेत.

आता तुलना करू. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर 'मॉर्न त्र्वा पितों' हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1997 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. तिथे ज्वालामुखी अजून जिवंत आहेत. तप्त शिलारस जमिनीखाली जवळच असल्यामुळे तिथलं एक तळं अक्षरशः उकळतं. सभोवती बारमाही हिरवं वर्षावन. आपल्याकडे मात्र पानझडीचं जंगल: साग, ऐन, खैर. चैत्र-वैशाखात ते उघडंबोडकं दिसतं, म्हणून ते मेलं असं समजू नका.

गणेशपुरीवरून वाहणाऱ्या तानसा नदीवर वरच्या अंगाला 1892 मध्ये धरण पूर्ण झालं. त्याचं पाणी मुंबई पिते. धरणाभोवतीचं जंगल आज तानसा अभयारण्य म्हणून राखलेलं आहे. 2014 मध्ये इथे वनपिंगळा हा अतिशय दुर्मीळ पक्षी आढळला.

जंगलाचं आणि पाण्याचं नातं इथेच कळतं. पालापाचोळा आणि मुळं पावसाला थोपवतात, म्हणून पाणी जमिनीत मुरतं. झाडं गेली तर तेच पाणी माती घेऊन धावत सुटेल आणि धरणात गाळ भरेल. म्हणून सहलीला जाल तेव्हा कुंडात साबण लावू नका, प्लॅस्टिक परत आणा आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेऊनच शिरा. आणि हो, कुंडात उतरण्याआधी पाणी किती गरम आहे ते मोठ्यांना बघू द्या. सगळी कुंडं सारखी नसतात.

स्वाध्याय
1. जमिनीवर तापमान 27 अंश असेल, तर 1 किलोमीटर खोलीवर ते अंदाजे किती असेल?
2. गणेशपुरी आणि डॉमिनिका येथील गरम पाण्यातला फरक लिहा.
3. तुमच्या गावाचं पाणी कुठून येतं? त्या जागेच्या वर जंगल आहे का? घरातल्या मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.