घाम गाळलास, चरबी तशीच

छोटे, परवा फोनवर तू एका दमात सांगितलंस: भाकरी बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि पोटाला प्लॅस्टिकचा पट्टा बांधून गच्चीवर चालणं सुरू. आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून खूश होतीस. घरात पाहुणे होते, मला नीट बोलता आलं नाही. आता सांगते, राग मानू नकोस.

आधी तो पट्टा सोड. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो. तिथे पंख्याखाली बसूनही घाम येतो. प्लॅस्टिक गुंडाळून तासभर चाललीस तर लिटरभर पाणी सहज जातं, आणि लिटरभर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो. माठातलं पाणी प्यालीस की तो किलो परत. चरबी घामातून वितळून जात नाही गं. ती शरीरात जळते आणि तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. घाम असतो अंग थंड ठेवायला, आणि पट्टा बांधून तू नेमकं तेच अडवतेस. आपल्याकडे उष्माघाताने माणसं दगावतात, हे तुला ठाऊक आहे. चालायचं तर सकाळी सहाला निघ, सुती कपड्यांत.

बाकी वजन धान्य सोडल्यामुळे उतरलं. शरीर ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा ठेवतं आणि त्याच्यासोबत सुमारे तिप्पट पाणी. धान्य तोडलं की साठा संपतो, पाणीही जातं, काटा झरझर खाली येतो. पुढे तो अडला की पोरी हातपाय गाळतात आणि एका लग्नाच्या पंगतीत सगळं भरून काढतात.

आणि भाकरीने तुझं काय बिघडवलं? ज्वारीची मध्यम भाकरी २०० कॅलरींच्या आतबाहेर. तिच्यासोबतच्या वांग्याच्या भाजीवरची तर्री बघ. मोठा चमचाभर तेल म्हणजेच १२० कॅलरी. आपल्या वऱ्हाडात भाजीवर तवंग दिसला नाही तर जेवणाऱ्याचं तोंड उतरतं, वर ठेच्यावर कच्च्या तेलाची धार वेगळीच. करडईचं तेल हलकं, शेंगदाण्याचं जड, असं काकू म्हणते. वजनापुरतं बोलायचं तर कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरीच. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं आणि खाणारी तोंडं किती, एवढा हिशोब मांड. फोडणीला पळी न घेता चमच्याने तेल मोज. भाकरी खा, वरण वाटीभर जास्त घे. रात्री भात खाल्ला म्हणून तो वेगळा अंगाला लागत नाही, दिवसभराची बेरीज बघायची असते.

लिंबू-मध-कोमट पाणी आवडत असेल तर पी, पण मधात साखरच असते. पोटाचे व्यायाम करून फक्त पोट उतरत नाही. गिला वडा कधीतरी खाल्लास तर आभाळ कोसळत नाही.

वजन उचललं की बाईचं अंग पुरुषी होतं, ही भीती मात्र मनातून काढ. तसे स्नायू फुगायला लागणारं संप्रेरक आपल्या अंगात फार थोडं असतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, तिथला चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवून आला. अशा मातीतल्या पोरींनी बैठकांना का भ्यावं? उपाशी राहून बारीक होताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. बैठका, थोडं वजन उचलणं आणि डाळ, दही, अंडी हे असेल तर ते टिकतात.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आठवड्याला अर्धा किलो हा वेग सुरक्षित मानते. म्हणजे महिन्याला दोन किलो. लग्नाची तारीख जवळ आहे म्हणून घाई करू नकोस, आणि मैत्रिणीने दिलेली बारीक व्हायची पावडर उघडूही नकोस. सिब्युट्रामिन नावाच्या औषधाने हृदयाला धोका होतो म्हणून आपल्याकडे २०११ मध्ये त्यावर बंदी आली, तरी बारीक करणाऱ्या पावडरींत ते लपवून मिसळल्याचं जगभर सापडत आलंय.

तुझी पाळी मागेपुढे होते, केसही गळतात म्हणालीस. त्याचा दोष भाताला देत बसू नकोस. या आठवड्यात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, डॉक्टरांना पाळीचंही मोकळेपणाने सांग. रिपोर्ट आला की मला पाठव, मी लगेच फोन करते.