एकाच घरात पोटाचा कॅन्सर पुन्हा पुन्हा? घराण्याची नोंद करा

भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांमध्ये घरभेटीला गेलो की आम्ही विचारतो, आधीच्या पिढीतले कोण कशाने गेले? उत्तरे येतात, "अल्सर होता", "पोटात पाणी झालं होतं", "अन्न जाईना, सुकत गेला". बाप आणि चुलता दोघेही तसेच गेले असले, तर कुणी हळूच म्हणते, "करणी होती."

न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यातही शापाचीच चर्चा होती. तिथे सुमारे तीस वर्षांत पंचवीसच्या आसपास माणसे पोटाच्या कॅन्सरने गेली, त्यांत बरेच तरुण होते. शेवटी घरच्यांनीच ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांची मदत घेतली. कोण कुणाचा, कोण कोणत्या वयात गेला, हे सगळे मांडले, रक्ताचे नमुने दिले. १९९८ साली कारण सापडले. सीडीएच-१ नावाच्या जनुकात बिघाड होता आणि तो आईबापांकडून मुलांकडे येत होता.

हा बिघाड आईत किंवा बापात असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. लग्न होऊन सासरी गेलेली लेकही यात मोजायची. बिघाड असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असे नाही, पण धोका खूप वाढतो. अशा घरांतल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचाही धोका जास्त असतो.

पोटाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण मात्र आनुवंशिक नसतात. शंभरात एक ते तीनच तसे असतात. एका घरात दोघांना झाला, तरी कारण जठरातला एच. पायलोरी हा जंतू, तंबाखू-विडी किंवा खूप खारवलेले खाणे असू शकते. या जंतूवर गोळ्यांचा उपचार आहे. म्हणून घाबरून जाऊ नका, पण या खुणा दिसल्या तर डॉक्टरांना नक्की सांगा:

• आईकडच्या किंवा बापाकडच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त जणांना पोटाचा कॅन्सर
• कुणालाही पन्नाशीच्या आत पोटाचा कॅन्सर
• त्याच घराण्यात स्तनाचा कॅन्सर. आतड्याचा किंवा गर्भाशयाचा असेल तर तोही सांगा, त्यामागे दुसरा आनुवंशिक दोष असू शकतो
• बायोप्सीच्या कागदावर "डिफ्यूज" किंवा "सिग्नेट रिंग" हे शब्द

हा डिफ्यूज प्रकार गाठ न करता जठराच्या अस्तराखाली पसरतो, त्यामुळे साध्या दुर्बिणीच्या तपासणीत निसटू शकतो. म्हणून घराण्याची माहिती मोलाची. जनुकाची तपासणी रक्तावर होते आणि शक्यतो आधी आजारी माणसाची करतात. बिघाड सापडला, तर बाकीच्यांची तपासणी सोपी होते. ज्यांच्यात तो आहे, त्यांना नियमित दुर्बीण किंवा आधीच जठर काढण्याचा सल्ला मिळतो. जठर काढूनही माणूस जगतो. थोडे थोडे खावे लागते आणि बी-१२ची इंजेक्शने कायम घ्यावी लागतात.

आपली माणसे पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेली, काही धरणांमुळे उठली. घराण्याची माहिती अशी विखुरली आहे. जलदान विधी, पुण्यानुमोदनाला सगळे जमतात, तेव्हा वही काढा. आजी, आत्या, मावशी, मामा यांना विचारा. तीन पिढ्या लिहा: नाव, नाते, आजार, आजार कळला तेव्हाचे वय, मृत्यूचे वय, दवाखाना. मयताचे रिपोर्ट टाकून देऊ नका, त्याच पिशवीत ठेवा.

ती वही घेऊन भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढे ससूनची चिठ्ठी मागा. आनुवंशिक कॅन्सरच्या सल्ल्यासाठी मुंबईचे टाटा मेमोरियल आणि त्याचेच खारघरचे केंद्र आहे. कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि घराण्यात कुणाला नसला तरी, दोन घासांत पोट भरणे, वजन उतरणे, वारंवार उलटी, गिळायला त्रास, डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काही असले तर मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणून दिवस काढू नका. दवाखाना गाठा.