बाळाची थायमस आणि सीबीसीतला एक आकडा

तान्ह्या बाळाला खोकला होतो, छातीचा एक्स-रे काढला जातो आणि रिपोर्टवर लिहून येतं, ‘मध्यभागी सावली रुंद’. घरात एकच घाबरगुंडी उडते. बाळाला गाठ तर नाही ना? आई-बाबांनो, बहुतेक वेळा ही सावली थायमस नावाच्या ग्रंथीची असते. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ती असते आणि तान्हेपणी चांगली भरलेली असते. ती दिसते आहे, याचा आनंद माना. सावलीचा आकार किंवा कड वेगळी वाटली, तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतील. तेवढ्यावर शंका फिटते.

एके काळी डॉक्टरांनाही या ग्रंथीचं काम ठाऊक नव्हतं. मोठी थायमस बाळाचा श्वास कोंडते, असा समज होता. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ती आक्रसावी म्हणून हजारो मुलांना किरणोपचार दिले गेले. त्यांतल्या अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. 1961 साली लंडनमध्ये संशोधक जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून पाहिली. ते उंदीर जंतुसंसर्गाने खंगून मेले. ही ग्रंथी रोगप्रतिकारशक्तीचा पाया आहे, हे तेव्हा कळलं.

तिथे घडतात टी पेशी. त्यांची बीजं तयार होतात हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तिथून ती रक्तात येतात, पण नेमक्या थायमसमध्येच कशी पोचतात? थायमसच्या पेशी केमोकाइन नावाची रसायनं सोडतात. पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरलेला भुकेला माणूस तळणीच्या वासामागे जातो आणि वास जिकडे वाढतो तिकडे वळतो, तशी ही बीजपेशी रसायनाच्या वाढत्या दाटीकडे सरकते. सीसीएल25 हे त्यांतलं एक रसायन. ते ओळखणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या अंगावर असतो.

आत शिरल्यावर ‘नॉच’ नावाचा संदेश मिळतो: तू टी पेशी हो. हा संदेश मिळाला नाही, तर तीच पेशी बी पेशीच्या वाटेला लागते. मग इंटरल्युकिन-7 हे रसायन तिला जगवतं आणि तिची संख्या वाढवतं. त्यानंतर ग्रंथीच्या बाहेरच्या भागात पहिली पारख होते. शरीराची ओळखचिन्हं जिला वाचता येतात, तीच पेशी पुढे जाते. पास झालेल्या पेशीवर सीसीआर7 हा नवा ग्राहक उगवतो आणि सीसीएल21 या रसायनाच्या ओढीने ती आतल्या भागात येते. तिथे एआयआरई नावाच्या जनुकामुळे इन्सुलिनसारखी शरीराच्या इतर भागांतली प्रथिनंही तिच्यापुढे मांडली जातात. आपल्याच प्रथिनावर जोरात तुटून पडणारी पेशी बहुधा तिथेच मारली जाते. काहींना मात्र इतर पेशींना आवर घालण्याचं काम मिळतं. या आवर घालणाऱ्या पेशींवरच्या संशोधनाला 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. शेवटी रक्तातल्या एका स्निग्ध रसायनाची ओढ पेशीला ग्रंथीबाहेर काढते. तिथे तयार झालेल्यांपैकी बाहेर पडतात त्या अगदी मोजक्या, शंभरांत पाचच्या आसपास.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की यातला एकच दुवा तुटला, तर वरून निरोगी दिसणारं बाळ जंतूंपुढे उघडं पडतं. काही बाळांत इंटरल्युकिन-7 चा संदेश घेणाऱ्या ग्राहकाचा एक भाग एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात बिघाड असल्यामुळे नीट बनत नाही. संदेश येतो, पण तो घेणारं कुणी नसतं. थायमस रिकामी राहते. या आजाराला स्किड म्हणतात. हा प्रकार मुलग्यांना होतो आणि आईच्या बाजूने येतो. इतर काही प्रकार आई-वडील दोघांकडून येतात. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न अशा नात्यांत त्यांची शक्यता वाढते.

अशी बाळं पहिले काही आठवडे छान दिसतात, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं त्यांना सांभाळत असतात. मग एकामागून एक आजार सुरू होतात. पुढच्या खुणा दिसल्या, तर घरी वाट पाहू नका:

• पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा पुन्हा न्युमोनिया होणं, किंवा औषधांना दाद न देणारा खोकला.
• न थांबणारे जुलाब आणि वजन न वाढणं.
• तोंडातला पांढरा बुरा औषधाने जाऊन पुन्हा पुन्हा येणं.
• बीसीजीच्या जागी न भरणारी मोठी जखम, किंवा डाव्या काखेतली गाठ वाढत जाऊन सोबत ताप आणि वजनात घट.

शेवटच्या खुणेबद्दल गैरसमज नको. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी दंडावर पुळी येणं, ती फुटणं आणि व्रण राहणं हे ठीकच आहे. काखेत छोटी गाठ येऊन बाळ खेळतं-पितं असेल, तर तीही बहुधा आपोआप बसते. बीसीजी क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून लहानग्यांना वाचवते आणि ती प्रत्येक निरोगी बाळाला मिळायलाच हवी. पण त्या लसीत जिवंत जंतू असतात. स्किड असलेल्या बाळात ते अंगभर पसरू शकतात. म्हणून गरोदर बाईने एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. आधीचं मूल, आपला एखादा भाऊ, मामा किंवा मावसभाऊ तान्हेपणीच जंतुसंसर्गाने गेला असेल, तर तसं स्पष्ट सांगा. माहेरी फोन करून विचारा. अशा घरात बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आता मथळ्यातला आकडा. सीबीसी ही साधी रक्ततपासणी पनवेलच्या कोणत्याही लॅबमध्ये होते. समजा एकूण पांढऱ्या पेशी 8,000 आणि त्यांत लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी याच गटातल्या) 20 टक्के, म्हणजे लिम्फोसाइट झाले 1,600. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो आणि रिपोर्टशेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा अनेकदा मोठ्यांचीच असते. त्यामुळे तिथे ठळक खूण येत नाही. तान्ह्या बाळात हा आकडा 3,000 च्या खाली असेल, तर तपासणी पुन्हा करून पुढचा शोध घ्यायलाच हवा. आकडा बरा असूनही वरच्या खुणा असतील, तरी थांबू नका, कारण कधी कधी बी पेशींमुळे एकूण संख्या ठीक दिसते.

पुढची तपासणी फ्लो सायटोमेट्रीची. टी पेशी वेगळ्या मोजणारी ही चाचणी परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत होते. जवळच वाडिया बालरुग्णालय आहे. पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला आणि तिथून मध्य रेल्वेने परळ गाठता येतं. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि सगळे जुने रिपोर्ट बरोबर घ्या. अशा बाळाला रक्त चढवावं लागलं, तर ते किरणोत्सारित केलेलंच असावं, हे आठवणीने सांगा.

उपचार आहे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. परदेशातला अनुभव असा की साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालं, तर दहांतली नऊहून अधिक बाळं जगतात. संसर्ग जडल्यानंतर हे प्रमाण घसरतं. खर्चाने खचू नका. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात उपचारासाठी 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिच्यासाठी केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांमार्फत अर्ज करावा लागतो.

मोठ्यांसाठीही दोन शब्द. थायमस लहानपणापासूनच हळूहळू चरबीत बदलत जाते, पण तिने घडवलेल्या टी पेशी आयुष्यभर पुरतात. आपल्याच पनवेल महापालिका हद्दीतल्या खारघरच्या टाटा केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये, जून 2021 मध्ये अशा टी पेशी रुग्णाच्या शरीरातून काढून, कर्करोगाविरुद्ध बदलून परत देण्याचा भारतातला पहिला उपचार झाला. बाजारातल्या ‘इम्युनिटी बूस्टर’ पुड्या मात्र थायमस वाढवत नाहीत. कुपोषणाने आणि जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, कमतरतेने ती नक्की आक्रसते, आणि नीट आहार मिळाला की मुलांमध्ये पुन्हा भरते. म्हणून मुलाला जुलाब झाले, तर ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या पूर्ण 14 दिवस द्या. सहा महिन्यांखाली 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या बंद करू नका.

अमेरिकेत 2018 पासून सगळ्या राज्यांत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन स्किडची चाचणी होते. आपल्याकडेही ती प्रत्येक प्रसूतिगृहात व्हावी, असं मला मनापासून वाटतं. तसं होईपर्यंत ही जबाबदारी आपली. वारंवार आजारी पडणाऱ्या बाळाचा सीबीसी हाती आला, की डॉक्टरांना थेट विचारा: या वयाला लिम्फोसाइट पुरेसे आहेत का?