‘नवनाथ भक्तिसारा’तील विद्यासामर्थ्य : चढ आणि नियमन

नायक सर्वसमर्थ झाला की कथेतील संघर्ष संपतो, हा चमत्कारप्रधान ग्रंथांवरील नेहमीचा आक्षेप होय. धुंडिसुत मालू यांच्या ‘श्रीनवनाथ भक्तिसारा’लाही (शके १७४१, इ. स. १८१९) तो लावला जातो. पारायणाचा ग्रंथ म्हणून घरोघरी असलेल्या या चाळीस अध्यायांच्या रचनेचा कथनाच्या अंगाने विचार करताना एका अगदी वेगळ्या क्षेत्रातील अनुभव उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

नवी मुंबईतील आमच्या काही विद्यार्थ्यांना परिचित असलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील योद्ध्याचे बळ टप्प्याटप्प्याने वाढते. जादूगार मात्र आरंभी दुबळा असून पुढे सर्वांना निष्प्रभ करतो. त्याला आवर घालण्यासाठी एकदा उच्चारलेला मंत्र स्मृतीतून पुसला जातो, असा नियम जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या कथासंग्रहावरून घेण्यात आला. २००८ च्या आवृत्तीने सर्व पात्रांच्या शक्ती एकाच साच्यात बसविल्या. तेव्हा जादूगाराचे जादूगारपणच हरपल्याची तक्रार झाली. २०१४ च्या आवृत्तीत एकाग्रतेची अट आली : चित्त लावून टिकवावा लागणारा मंत्र एका वेळी एकच. शिवाय नवे पुस्तक आले की जुन्याहून थोडी सरस शक्ती त्यात असावयाची, ही वाढ वेगळीच.

ही वाढ मालूंच्या ग्रंथातही आहे. साबरी विद्या मिळविल्यावर मच्छिंद्रनाथ सेतुबंधावर मारुतीला वाताकर्षण मंत्राने जागच्या जागी खिळवितात. ग्रंथाच्या अखेरीकडे चर्पटीनाथ त्याच मंत्राने विष्णू आणि शंकर यांनाही निश्चेष्ट करतात. विद्या तीच, प्रतिपक्षाची पायरी मात्र उंचावली. चर्पटीचे हे प्रकरण मला ग्रंथातील सर्वांत सैल भाग वाटते. तेथे विजय आहे. उत्कंठा मात्र नाही.

याउलट मच्छिंद्रनाथांच्या विजयाला किंमत आहे. मारुती हरतो, परंतु त्याच्याच शब्दाखातर नाथांना स्त्रीराज्यात जावे लागते आणि तेथील सुखोपभोगात ते स्वतःला विसरतात. अस्त्राला न जुमानणारा पुरुष आसक्तीपुढे निःशस्त्र ठरतो. त्यांना परत आणावयास गोरक्षनाथ येतात तेही अस्त्र घेऊन नव्हे, मृदंग घेऊन. गुरूहून शिष्य बलवान, असे दाखविण्याची संधी येथे होती; मालूंनी ती घेतली नाही. संजीवनी मंत्राची कथाही पाहावी. गोरक्ष तो मंत्र घोकीत मुलांसाठी चिखलाचा पुतळा करतात आणि त्यातून गहिनीनाथ जन्मतात. मंत्राचे फळ येथे उच्चारणाऱ्याच्या हेतूलाही जुमानीत नाही.

नियमनाचा सर्वांत कुशल नमुना गोपीचंद-आख्यानात आढळतो. राजाने जालिंदरनाथांना खड्ड्यात पुरून वर लीद टाकली आहे. ते बाहेर येतील तेव्हा त्यांचा कोप राजाला जाळील, हे निश्चित. आणि तो कोप अडविणारी विद्या कोणाजवळच नाही. कानिफनाथ त्याहून मोठे अस्त्र शोधीत नाहीत. सोने, रुपे, तांबे, पितळ आणि लोखंड यांचे गोपीचंदाचे पाच पुतळे ते घडवितात. एकेक पुतळा खड्ड्याशी उभा राहतो, आतून शापवाणी येते, पुतळा भस्म होतो. पाचही जळाल्यावर शाप खरा झालेला असतो आणि राजा जिवंत असतो. शक्तीला येथे तसूभरही कमी केलेले नाही, तिचे लक्ष्य तेवढे बदलले आहे. खेळाच्या नियमकर्त्यांनी मंत्रांची संख्या मोजून जे साधावयाचा प्रयत्न केला, ते मालूंनी युक्तीने साधले. कारण त्यांचा श्रोता नाथांचे सामर्थ्य उणे झालेले सहन करणारा नव्हता. श्रद्धेची ही अट कथनकर्त्याला जाचक वाटण्याऐवजी कल्पक बनविते. चर्पटीच्या अध्यायांत तिच्याशी झुंजच घेतलेली नाही, म्हणून ते अध्याय पडतात.